तुरुंगासमोरचा ‘सल्लागार’ कुणाच्या अखत्यारीत येतो? गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

तुरुंगासमोर बसून कैद्यांच्या घरच्यांकडून पैसे घेणाऱ्या एका माणसाविरुद्धची आमची तक्रार गेल्या आठवड्यात पोलीस ठाण्याने लिहून घेतली नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या भावावर चोरीचा आरोप आहे. पहिलाच गुन्हा. न्यायालयाने 25,000 रुपयांच्या जामिनावर सोडायचा आदेश दिला. पण आमच्याकडे ना सातबारा, ना स्वतःचे घर. जामीन राहणार कोण? आदेश झाला तरी भाऊ आतच. त्याला आत जाऊन वर्ष उलटले.

तुरुंगासमोर झेरॉक्सच्या दुकानात एक गृहस्थ बसतात. पूर्वी वकील होते. पक्षकारांचे पैसे खाल्ले, सनद गेली, स्वतः आत जाऊन आले. आता त्यांच्या कार्डावर ‘कारागृह सल्लागार’ छापले आहे. मुलाखतीच्या रांगेतली माणसे त्यांच्याकडे वळतात. मनीऑर्डर कशी करायची, कुठल्या बराकीत कुणाची दादागिरी, फर्लोचा, म्हणजे शिक्षेतल्या रजेचा, अर्ज कुठे अडतो, सगळे त्यांना तोंडपाठ.

आमच्याकडून त्यांनी आधी 5,000 रुपये घेतले आणि एक कलम सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचे, 479. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याने, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडायचे. साध्या चोरीला कमाल 3 वर्षे, म्हणजे आमचा हिशेब एका वर्षाचा. साहेब, हे खरे निघाले. त्याच कलमात लिहिले आहे की मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा तो तुरुंग अधीक्षकाने. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये ही संहिता येण्याआधीच्या खटल्यांनाही हे लागू केले. मग सरकारचा पगारी माणूस जे काम करायला बांधील आहे, त्याची नुसती माहिती मी सनद गेलेल्या माणसाकडून विकत का घ्यावी?

पुढे जामीनदार आणून देतो म्हणून त्यांनी आणखी 20,000 घेतले. आईच्या बांगड्या गेल्या त्यात. जामीनदार बोगस निघाला, न्यायालयाने नाकारला. पैसे मागायला गेलो तर दुकानातून हाकलले. भावाला हे कळले त्या मुलाखतीत तो काचेपलीकडे एक शब्द बोलला नाही. आईने जेवण सोडल्यासारखेच आहे. घरात कुणी कुणाकडे बघत नाही.

ठाण्यात सांगितले, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत. वकिलांच्या शिस्तीचे काम बघणाऱ्या कार्यालयात सांगितले, तो आता वकीलच नाही, आम्ही काय करणार! वकील होता तेव्हा निदान शिस्तीचा बडगा होता. सनद गेली आणि तो मोकळा झाला, ही कुठली शिक्षा? अधिवक्ता कायद्याचे कलम 45 सनदेशिवाय वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते, पण ते न्यायालयात किंवा प्राधिकाऱ्यापुढे उभा राहील त्याला. हा माणूस उभाच राहत नाही, टपरीवर बसून पैसे मोजतो. वकिलांना पक्षकार आणून देणाऱ्या दलालांच्या याद्या करायची तरतूद 2023 च्या दुरुस्तीने याच कायद्यात आली. तिची शिक्षा तीन महिने कैद किंवा 500 रुपये दंड किंवा दोन्ही. पाचशे रुपये, साहेब! आणि बंदी कुठे, तर न्यायालयाच्या आवारात. तुरुंगाच्या फाटकाचे नाव कुणी घेत नाही.

अमेरिकेत असे सल्लागार उघड धंदा करतात, त्यांची गिऱ्हाइके बहुतेक पैसेवाली. इथे गिऱ्हाईक आम्ही, धुणीभांडी करणारे.

मोफत वकील प्रत्येक कैद्याचा हक्क आहे, 1987 च्या विधी सेवा कायद्याने दिलेला. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कच्च्या कैद्यासाठी केंद्राने 2023 मध्ये 40,000 रुपयांपर्यंत मदत देणारी योजना सुरू केली. आम्हाला तिचे नाव कुणी सांगितले? 2022 अखेर देशाच्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती, त्यांतली 4,34,302 कच्ची. चारांतल्या तिघांवर दोष सिद्धच झालेला नाही! आर्थर रोडची क्षमता 804 असताना तिथे तीन हजारांवर माणसे कोंबली. श्रीमंताचा जामीन संध्याकाळपर्यंत होतो, त्याच्यासाठी सुटीच्या दिवशीही दारे उघडतात. गरिबाला तारीख मिळते, आणि त्या तारखेलाही पोलीस गार्ड नाही म्हणून कोर्टात नेत नाहीत. ही माणसे सरकारच्या हिशेबात कोण आहेत, ते एकदा स्पष्ट सांगून टाका.

प्रत्येक तुरुंगाच्या मुलाखत खिडकीशी विधी सेवेचा माणूस रोज बसवा. कलम 479 खाली पात्र कैद्यांची यादी दर महिन्याला फाटकावर लावा. अर्ज न करणाऱ्या अधीक्षकाला जाब विचारा. त्या गृहस्थांचे कार्ड आणि पैसे दिल्याची चिठ्ठी आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे, गुन्हा नोंदवून घ्या. भावाची पुढची तारीख महिनाअखेर आहे. त्याआधी अधीक्षकांचा अर्ज न्यायालयात गेला पाहिजे.

आपली,
एका कच्च्या कैद्याची बहीण