आयलें आणि आयली

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री वही माझ्या उशाशी ठेवून गेलीस, वर चिठ्ठी, ‘आई, वाच आणि खरं काय ते सांग.’ कथा दोनदा वाचली. तोंडी सांगायला बसले तर सकाळच्या घाईत अर्धं राहून जाईल, म्हणून लिहिते आहे.

दुसऱ्या पानावर तुझ्या कथेतली आजी बोलायला लागते, तिथे मी अडखळले. ‘अगं बाळा, किती वाळलीस गं! हातपाय धू, गरमागरम वरणभात वाढते.’ मुक्ता, ही आजी कोण? सावईवेऱ्याला पोफळीच्या बागेच्या, कुळागराच्या कडेला राहणारी, तू पोचताच उकड्या तांदळाची पेज आणि बरणीतलं कैरीचं तोर पुढे करणारी आपली आजी असं कधी बोलली आहे का? हे बोलणं धड्यातल्या आजीचं आहे. तिचं घर, तिची नारळ खवायची आदोळी, पावसात निथळणाऱ्या पोफळी, हे सगळं तू किती नेमकं उतरवलंस! मग तिच्या तोंडी दुसऱ्या कुणाचे शब्द कशाला?

यात तुझा दोष नाही. तू घरात कोकणी बोललीस, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलीस, पाचवीपासून इंग्रजीत. मराठी तुला भेटते ती पुस्तकात आणि पेपरात, त्यामुळे कथा लिहायला बसलीस की पुस्तकातलीच वाक्यं हाताशी येतात. माझंही तुझ्या वयात असंच व्हायचं.

1987 साली गोव्यात राजभाषेचा कायदा झाला. कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद त्यात राहिली. मी तेव्हा दुसरीत होते. आमच्या सोप्यावर मोठी माणसं रात्री उशिरापर्यंत वाद घालायची आणि मी खांबाला टेकून ऐकायचे. मराठीच्या बाजूने सगळ्यांत तावातावाने बोलणारे माझे काका बोलायचे ते कोकणीतूनच. पत्रं, पोथी, भजन मराठीत. राग, लाड, गाऱ्हाणी कोकणीत. घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मला आजही वाटत नाही. आजीच्याच गावचे लक्ष्मणराव सरदेसाई (जन्म 1904) मराठीतले मोठे कथाकार. पुढे ते कोकणीतही लिहू लागले आणि 1982 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना कोकणीसाठी मिळाला. पणजीची सेंट्रल लायब्ररी 1832 पासूनची आहे, सुट्टीत तिथे जाऊन त्यांच्या कथा शोधू.

आता एक गोष्ट सांगते. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, तुझ्या बाबांनाही नाही.

लग्नाआधी मी कुठूनही घरी आले की आई विचारायची, ‘आयलें गो बाये?’ आपल्या बोलीत लहान मुलगी, बिनलग्नाची मुलगी ‘तें’ असते. मराठीतही आपण ‘आलं का माझं बाळ’ म्हणतो, पण ते तान्ह्याला, लाडाने. कोकणीत लाडाबिडाचा प्रश्न नाही, ते साधं व्याकरण आहे. आई रागावलेली असली तरी मी ‘आयलें’च. लग्न होऊन डिचोलीला आले आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा माहेरी गेले. आई आदोळीवर बसून नारळ खवत होती. मी पायरी चढले. तिने मान वर केली आणि म्हणाली, ‘आयली गो? बस.’ मग आदोळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली. त्या घरात पाणी मी नेहमी स्वतःच घेत आले होते. तांब्या हातात घेताना मला तिच्याकडे बघवेना.

तुझी कथाही एक मुलगी घरी परत येते त्याचीच आहे. ‘तिला परकं परकं वाटू लागलं’ हे वाक्य तू तीनदा लिहिलंस. माझ्या आईने शेवटची मात्रा बदलली आणि मला जे कळायचं ते कळलं. ‘आलीस का गं? बस’ असं लिहिलं असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं, कारण ‘आलीस’ मी लग्नाआधीही होते आणि नंतरही.

सगळे संवाद कोकणीत लिही असं मी म्हणत नाही. निवेदन मराठीतच ठेव, ती तुझी छान आहे. आजीच्या तोंडी मात्र तिचीच वाक्यं दे, चार-पाच पुरेत, आणि त्यांचा अर्थ कंसात देऊ नकोस. ‘खंय वता गो?’ असं ती विचारते आणि नात दारातल्या चपला पायात सरकवत असते, एवढं दिसलं की नागपूरच्या वाचकालाही कळेल. जिथे नुसत्या शब्दांवरून कळणार नाही तिथे आजीचे हात काय करताहेत ते लिही. तिचे हात तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

कथेचा काळही आवर. चार पानांत दहा वर्षं येतात, नातीची बारावी, नोकरी, कुळागराची विक्री, सगळंच पळापळीत. त्यातली सोप्यावरची संध्याकाळ तेवढी ठेव. लाईट जाते, आजी चिमणी लावायला उठते आणि काडी दोनदा विझते, ते मी वाचताना श्वास रोखून वाचलं. त्याच्यापुढचा ‘माणसाने आपली मुळं विसरू नयेत’ हा परिच्छेद काढून टाक. काडी विझली तिथेच थांब, तिसरी ओढूसुद्धा नकोस.

रविवारी आपण सावईवेऱ्याला जाणार आहोत. आजीने हळदीची पानं काढून ठेवली आहेत, पातोळ्या करणार आहे. वही नेऊ नकोस. तिच्याजवळ बसून नारळ खवायला घे आणि ती बोलेल ते ऐक. तुला ती अजून ‘आयलें’च म्हणते.

वही तुझ्या टेबलावर ठेवली आहे. वरणभाताच्या वाक्याखाली पेन्सिलने एक रेघ ओढली आहे, तेवढीच. दहावीचं दडपण घेऊ नकोस, आणि डबा विसरू नकोस.

तुझी,
आई