काखेतील गाठींचा अहवाल मराठीत समजावून द्या

मा. संपादक महोदय,

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाईंची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. टाके निघण्याआधीच अहवाल हाती आला. त्यात काखेतील गाठींपुढे '3/17' असे लिहिले होते. तिसरी स्टेज, आता काही खरे नाही, असे समजून सासूबाईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. वास्तविक, काखेतून काढलेल्या 17 लसिकाग्रंथींपैकी (शरीरातील द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठींपैकी) 3 ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी सापडल्या, इतकाच त्याचा अर्थ होता. हे सांगायला एक मिनिट पुरले असते, पण अहवाल खिडकीतून नुसता पुढे सरकवला गेला.

स्तनातून वाहणारा लसिकाद्रव बहुतांशी काखेतील ग्रंथींतून गाळला जातो, म्हणून रोग बहुधा प्रथम तेथे पोहोचतो. परंतु यकृत, फुफ्फुस, हाडे अशा दूरच्या अवयवांपर्यंत तो गेला तरच त्याला चौथी अवस्था म्हणतात, आणि ग्रंथींपर्यंतच असलेल्या रोगावर तो बरा करण्याच्या हेतूनेच उपचार केले जातात. बाधित ग्रंथी 3 पर्यंत आहेत, 4 ते 9 आहेत की त्याहून अधिक, तसेच ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) व हर-टू (त्या नावाचे प्रथिन गाठीत जास्त आहे का) या तपासण्या काय सांगतात, यावरून केमोथेरपी, किरणोपचार, हर-टूवरील इंजेक्शने आणि 5 ते 10 वर्षे घ्यायची हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी यांपैकी काय द्यायचे ते ठरते. ही गोळी बरे वाटू लागल्यावर स्वतःच्या मनाने बंद करणाऱ्या बायका मी आमच्या तासगाव तालुक्यात पाहिल्या आहेत, आणि त्याने जीव तुटतो.

दुसरी गोष्ट हाताची. जाऊबाईंचा जन्म द्राक्षबागेत गेला. छाटणीच्या वेळी कात्रीचा साधा ओरखडा निघाला आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजूचा हात बांगडी रुतेल इतका सुजला, लाल व गरम झाला. ग्रंथी काढल्यानंतर हातातील द्रवाचा निचरा मंदावतो, त्यामुळे सूज आणि जंतुसंसर्ग या दोहोंचा धोका राहतो, हे आम्हाला तेव्हा कळले. आता त्या हातमोजे घातल्याशिवाय बागेत उतरत नाहीत, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेला हाताचा व्यायाम रोज करतात.

रुग्णालयांनी अशा अहवालासोबत मराठीत अर्ध्या पानाची माहिती द्यावी आणि आपण आपल्या आरोग्य पुरवणीत तज्ज्ञांकडून हा विषय सविस्तर लिहून घ्यावा, ही कळकळीची विनंती. त्यात हाताच्या काळजीला कृपया वेगळी जागा द्यावी.

आपली,
एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली