किलो किती उतरले आणि किती वर्षे उतरलेले राहिले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत वजन घटवलेल्या वाचकांचे अनुभव गेले काही महिने नियमितपणे प्रसिद्ध होत आहेत. चालण्याचा कंटाळा असलेल्या माणसालाही ते वाचून घराबाहेर पडावेसे वाटते, ही त्या सदराची जमेची बाजू मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र जवळजवळ प्रत्येक अनुभवाची मांडणी एकाच साच्यातली असते: आधीचे छायाचित्र, नंतरचे छायाचित्र, उतरलेले किलो आणि लागलेले दिवस. मी आयुष्यभर हिशेबतपासनिसाचे काम केले. कोणताही ताळेबंद हाती आला की तो कोणत्या तारखेचा आहे हे आधी पाहण्याची मला सवय लागली आहे. या अनुभवांचे ताळेबंद सर्वांत सोयीच्या तारखेला बंद केलेले असतात, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

असे छायाचित्र छापून यावे इतके वजन मी स्वतः दोनदा उतरवले आहे. पहिल्या खेपेस चार महिन्यांत १४ किलो उतरले आणि दीड वर्षात १६ परत आले. दुसऱ्या खेपेस एका वजन घटवण्याच्या केंद्रात नाव घातले, तिथे ११ किलो उतरले, माझा फोटो त्यांच्या भिंतीवर लागला, आणि तो भिंतीवर असतानाच माझे जुने कपडे मला पुन्हा घट्ट होऊ लागले. तिसऱ्या वेळी दोन वर्षांत जेमतेम ९ किलो कमी झाले. त्यांपैकी ७ किलो आजतागायत परत आलेले नाहीत, आणि या गोष्टीला आता सहा वर्षे होत आली. पहिल्या दोन वेळी लोकांनी थांबवून अभिनंदन केले. तिसऱ्या वेळी कुणाच्या फारसे लक्षातही आले नाही. प्रसिद्धी आणि परिणाम यांचा संबंध इतका उलटा असू शकतो, हे मला त्यातून उमगले.

आता थोडे आकड्यांविषयी. शरीरातील एक किलो चरबीसाठी साधारण ७,७०० किलोकॅलरी धरण्याचा प्रघात आहे. रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवली, तर एक किलो चरबी उतरायला पंधरा-सोळा दिवस लागतात. ‘तीस दिवसांत दहा किलो’ या दाव्याला हेच गणित लावले, तर रोज अडीच हजारांहून अधिक किलोकॅलरींची तूट हवी. अनेक प्रौढांचा दिवसभराचा एकूण खर्चही तेवढा नसतो; म्हणजे त्यांनी महिनाभर अन्नाचा कणही पोटात घातला नाही, तरी हा दावा पुरा होणार नाही. मग पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो तो कशामुळे? स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने पिष्टमय पदार्थांचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार एकदम कमी केला की तो साठा वापरला जातो आणि पाणी निघून जाते. दोन दिवस नीट जेवले की परत येते. या पाण्याच्या जोरावर कितीतरी जाहिराती उभ्या आहेत.

‘कमी खा, जास्त हला’ हा सल्ला चुकीचा नाही. पण तो देणाऱ्यांच्या डोक्यात एक स्थिर खातेवही असते आणि शरीर तशी वही ठेवत नाही. वजन उतरले की लहान झालेले शरीर कमी ऊर्जा खर्च करते, हे उघड आहे. त्याशिवाय ते काटकसरही करू लागते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दूरचित्रवाणीवरील वजन घटवण्याच्या स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनंतर तपासणी करण्यात आली. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते आणि त्यांपैकी सरासरी ४१ किलो परत आले होते. त्यांच्या आकारमानाच्या माणसाचा विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जाखर्च जितका अपेक्षित असतो, त्यापेक्षा त्यांचा खर्च दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी आढळला. याला भुकेची जोड मिळते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देत असते. १९९४ मध्ये त्याचा शोध लागला. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि भूक वाढते. ज्याचे वजन परत आले त्याला आळशी किंवा चंचल ठरवून मोकळे होणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. चौदा जण हा आकडा लहान आहे आणि स्पर्धेतली तूट टोकाची होती, त्यामुळे या निष्कर्षाने घाबरून जाऊ नये. पण घाईची किंमत काय असते, याचा अंदाज त्यातून नक्की येतो.

तिसऱ्या वेळी मी कोणताही ‘डाएट प्लॅन’ घेतला नाही. तीन आठवडे फक्त लिहून काढले: काय खाल्ले, किती वाजता आणि त्या वेळी खरोखर भूक होती का. मला वाटत होते की दोष माझ्या जेवणात आहे. वहीने वेगळेच सांगितले. जेवणे ठीकठाक होती. गडबड होती ती जेवणांच्या मधल्या वेळात, गोड पेयांत, घरातल्यांच्या ताटात उरलेले ‘वाया जायला नको’ म्हणून संपवण्यात आणि रात्री पडद्यासमोर बसून हात डब्यात घालण्यात. (अन्न वाया जाऊ नये हे खरेच, पण ते माझ्या पोटात गेल्याने कुणाची भूक भागली, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला.) त्यामुळे बदलही तिथेच केले. गोड पेये बंद केली, जेवताना पडदा बंद ठेवला, उरेल इतके शिजवणे कमी केले. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांनी भरला आणि प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एखादा पदार्थ येईल असे पाहिले, कारण तंतुमय पदार्थ आणि प्रथिने यांनी पोट लवकर भरते आणि भरलेले राहते. साखरेबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी आहे की, पदार्थांत वरून घातलेली साखर तसेच मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या खाली न्यावी. २,००० किलोकॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, सुमारे बारा चहाचे चमचे. शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यातच साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि ती पिऊन पोट भरल्याची जाणीव जवळजवळ होत नाही.

किती खातो हे आपण काय खातो यावरही अवलंबून असते, याचा मला पटलेला पुरावा २०१९ च्या एका प्रयोगाचा आहे. त्यात २० प्रौढांना महिनाभर संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले. समोर ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या अन्नातील ऊर्जा, साखर, स्निग्धांश आणि तंतू यांचे प्रमाण जुळवलेले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले आणि साध्या अन्नाच्या काळात तेवढेच कमी झाले. मनोनिग्रहाची एवढी महती गाण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या फळीवर काय ठेवले आहे ते पाहणे अधिक उपयोगाचे, असे माझे मत त्यावरून झाले आहे.

व्यायामाबद्दल मात्र आपल्या सदरात सर्वांत जास्त गोंधळ दिसतो. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास साध्या वेगाने चालले, तर सव्वाशे-दीडशे किलोकॅलरी खर्च होतात. मूठभर सुक्या मेव्यात ती सगळी भरून निघते. पहिल्या खेपेस मी रोज घाम गाळत होतो आणि ‘आज व्यायाम झाला आहे’ या हक्काने दुप्पट खात होतो. वजन उतरवण्याचे मुख्य काम आहार करतो. उतरलेले टिकवण्यात व्यायामाचा वाटा मोठा असतो. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान १३.६ किलो उतरवून ते किमान वर्षभर टिकवले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या सवयींत रोज सुमारे तासभराची हालचाल आहे, बहुधा चालणेच, आणि नियमित वजन करणेही आहे. ही माणसे स्वतःहून नाव नोंदवणारी आहेत, त्यामुळे ही नोंद प्रयोगाच्या तोडीचा पुरावा होत नाही. पण छायाचित्रांच्या जोड्यांपेक्षा ती कितीतरी बोलकी आहे.

पुराव्याची अशीच सावध तपासणी जेरेमी मॉरिस या ब्रिटिश वैद्यकाच्या कामातही दिसते. दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या लंडनच्या कंडक्टरांना बसून बस चालवणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे त्यांनी १९५३ मध्ये दाखवले. पुढे १९५६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचे कंबरेचे माप जास्त निघाले आणि तरुण वयातल्या चालकांचेही जास्त निघाले. म्हणजे सगळा फरक कामामुळे पडला असे म्हणता येत नाही, हे त्यांनीच पुढे आणले. स्वतःच्या निष्कर्षाला स्वतःच खिंडीत गाठण्याचा हा प्रामाणिकपणा वजनाच्या बाजारात औषधालाही सापडत नाही.

व्यायाम किती करावा, याचे उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरायची नाही, ही जुनी अट त्यांत काढून टाकली आहे. जिना चढण्याची दोन मिनिटेही हिशेबात येतात, हे वेळ नसल्याची सबब सांगणाऱ्या माझ्यासारख्यांना गैरसोयीचे असले तरी चांगलेच आहे. स्नायूंच्या व्यायामाकडे मी बराच काळ दुर्लक्ष केले. नुसते खाणे कमी करून उतरवलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायूंसह इतर भागांचा असू शकतो. काट्याला तो फरक कळत नाही; जिना चढताना गुडघ्यांना मात्र कळतो.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. मधुमेहाचा धोका असलेल्या ३,२३४ प्रौढांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला दोनच उद्दिष्टे दिली होती: वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल. सुमारे तीन वर्षांत या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण, नेहमीचा सल्ला आणि नुसती बिनऔषधी गोळी मिळालेल्या गटाच्या तुलनेत, ५८ टक्क्यांनी कमी राहिले. मेटफॉर्मिन हे औषध दिलेल्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी राहिले. ऐंशी किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. एवढ्या घटीचे छायाचित्र काढले, तर आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे शेजाऱ्यालाही ओळखता येणार नाही. ज्या बदलाने आजार टळतो तो छायाचित्रात दिसत नाही आणि जो छायाचित्रात दिसतो तो पुष्कळदा टिकत नाही. आपले सदर मात्र फक्त दिसणाऱ्याची निवड करते, आणि साडेपाच किलो उतरवून थांबलेला वाचक ते वाचून स्वतःला अपयशी समजतो. मी तसे समजत होतो.

म्हणून विनंती अशी की, कोणताही अनुभव छापण्यापूर्वी तो निदान दोन वर्षे जुना आहे का, हे विचारले जावे आणि आजचे वजन काय आहे, हेही छापले जावे. ज्यांचे वजन परत आले त्यांनाही लिहू द्यावे. त्यांच्याकडे सांगण्यासारखे अधिक असते. दिवस आणि किलो यांची हमी देणाऱ्या जाहिराती त्याच पानावर नसाव्यात. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहार एकदम कमी केल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे प्रयोग करू नयेत, ही ओळ प्रत्येक अनुभवाखाली असावी. काही औषधांमुळे आणि आजारांमुळेही वजन वाढते. अशांना सवयींचे उपदेश ऐकवण्याआधी तपासणीचा सल्ला मिळायला हवा.

माझे स्वतःचे छापण्याजोगे छायाचित्र आता नाही. दर रविवारी सकाळी केलेल्या वजनाची सहा वर्षांची वही मात्र आहे. तिच्यात आजारपणाचे, प्रवासाचे आणि निव्वळ खादाडपणाचे आठवडेही जसेच्या तसे आहेत. सदरासाठी उपयोग होणार असेल, तर ती पाठवायला मी तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक