बिलावर नुसतं ‘ऑइल’ नको, ग्रेड पण लिहा

संपादक महोदय,

गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं की आपला पहिला संशय पेट्रोल पंपावर आणि दुसरा ई२०वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, मी पण तेच केलं. ई२०चा दोष आहेच थोडा, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच. पण माझी गाडी ई२०वर सुद्धा साडेसतरा देत होती आणि सर्विसिंग करून आणल्यापासून सव्वासोळावर आली. टाकी फुल्ल ते फुल्ल असं तीनदा मोजलं, तेच.

बिल काढून बघितलं तर ‘इंजिन ऑइल’ एवढंच लिहिलेलं. ग्रेड, म्हणजे ऑइल किती दाट ते सांगणारा आकडा, नाही, किती लिटर तेही नाही. गॅरेजला फोन केला तेव्हा कळलं २०डब्ल्यू-५० घातलंय, आणि मॅन्युअलमध्ये स्पष्ट ०डब्ल्यू-२० छापलंय. मेकॅनिक म्हणाला, “बाब, आमच्या गर्मेंत पातळ तेल टिकना, दाट घाल्यार इंजिन बरें उरता.” माणूस चांगला आहे, फसवायचा इरादा नव्हता, पण त्याचा हात जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांवर बसलेला, त्या इंजिनात भागांमधल्या फटी मोठ्या असायच्या आणि त्यांना दाट ऑइल लागायचंच.

आता ही गर्मीची गोष्ट. इंजिन एकदा तापलं की आतलं ऑइल साधारण ९०-१०० अंशावर जातं, ते फोंड्यात पण आणि शिमल्यात पण, बाहेर ३३ अंश आहे की १० याने फार फरक पडत नाही कारण इंजिनाचं तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट असतो. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशाला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो, तिथे ५०चं ऑइल २०च्या साधारण दुप्पट दाट असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल कसं वाहतं ते सांगतो, ०डब्ल्यूची टेस्ट उणे ३५ अंशाला होते, मग लोक म्हणतात आपल्या गोव्यात त्याचा काय उपयोग. मलाही तसंच वाटायचं. पण सकाळी आपण गाडी स्टार्ट करतो तेव्हा ऑइल २५-३० अंशाला असतं, इंजिनाच्या हिशेबाने ती थंडीच झाली! ४० अंशाला सुद्धा २०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-२०पेक्षा तिप्पट-चौपट दाट भरतं. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो, पिस्टनच्या रिंगा त्याच थरातून वरखाली घासतात, पंपाला तेच ऑइल ढकलायचं असतं. वायंगणात चिखलणीच्या वेळी घोटाभर चिखलातून चालून बघा, पाय उचलायलाच अर्धी ताकद जाते, तसंच ते.

आणि आपलं ड्रायव्हिंग कसलं तर घर ते मार्केट, मार्केट ते शाळा, चार-पाच किलोमीटर. टेम्परेचरचा काटा मध्यावर येतो तो पाणी तापल्याचा, ऑइल त्याच्या मागून सावकाश तापतं, बऱ्याचदा ते पूर्ण तापायच्या आधीच आपण गाडी पार्क करून मासळी घ्यायला उतरलेलो असतो. म्हणजे दाट ऑइलचा सगळ्यात जास्त फटका अशा छोट्या फेऱ्यांनाच बसतो.

खरं सांगायचं तर माझं सगळं नुकसान ऑइलनेच केलं असं नाही. टायरमध्ये हवा पण कमी निघाली, ती भरल्यावर थोडं सुधारलं, आणि ऑइल बदलल्यावर आता परत सतराच्या वर आलंय, कुणामुळे किती ते मला वेगळं काढता येणार नाही. एखाद-दोन ग्रेडने दाट ऑइल घातलं तर अ‍ॅव्हरेज साधारण एक ते तीन टक्के खाली येतं, मॅजिक काही नाही. पण महिन्याला ४० लिटर जाळणाऱ्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला १४ लिटर, आणि ते फुकट का घालवायचे?

याचा अर्थ सगळ्यांनी धावत जाऊन पातळ ऑइल घालावं असा कुणी घेऊ नये. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० असेल तर तेच घाला, अ‍ॅव्हरेजच्या हावेने त्याहून पातळ घातलं तर थर तुटून बेअरिंग घासायचे, मग पेट्रोलचे वाचलेले पैसे इंजिनात जातील.

माझं म्हणणं गॅरेजवाल्यांना एवढंच की बिलावर ग्रेड आणि लिटर लिहा, आणि कॅन गिऱ्हाइकासमोर फोडा. गिऱ्हाइकांनी पण मॅन्युअल डॅशबोर्डमधून एकदा तरी बाहेर काढावं, बऱ्याच जणांचं अजून प्लास्टिकमध्येच असेल. माझ्या मेकॅनिकने सुरुवात केलीय, गेल्या बिलावर त्याने ग्रेड लिहिलाय, डब्ल्यू उलटा पडून एम झालाय पण चालतंय.

– एक वाचक, फोंडा