‘असा परिवार आहे’ याच्या पुढचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकात निधन वार्तांच्या रकान्यात माझ्या सासऱ्यांची बातमी आली. चार ओळींची. माजी सैनिक, शुक्रवार पेठ, वय ७६. त्यांच्या पश्चात मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन रविवारी सकाळी नऊ वाजता, पंचगंगा स्मशानभूमी. मजकूर आम्हीच लिहून दिला होता आणि आपण तो जसाच्या तसा छापलात. त्यात काय राहून गेलं ते आम्हाला बाराव्याच्या दिवशी कळलं.

मी त्यांना मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्ती. मामा १९६८ साली भरती झाले, बेळगावला मराठा सेंटरमध्ये ट्रेनिंग झालं आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत गेले. १७६८ साली उभी राहिलेली पलटण आहे ही. १९७१ च्या वैशाखात त्यांचं लग्न झालं. हळदीचा रंग पुरता उतरलाही नसेल, तोवर रजा संपली. आत्ती चौथी शिकलेल्या. नवऱ्याचा पत्ता म्हणून त्यांच्याकडं गावाचं नाव नव्हतं. होता तो नंबर, पलटण आणि ‘मार्फत ९९ एपीओ’, म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस. माणूस नेमका कुठं आहे हे त्या पत्त्यावरून कुणालाच कळायचं नाही. आत्ती सांगायच्या, पोस्टमन दिसला की त्याच्या हाताकडं आधी बघायचं आणि तोंडाकडं नंतर.

त्या डिसेंबरात पलटण पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होती. लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली आपल्या जवानांनी ब्रह्मपुत्रा ओलांडली आणि शहराच्या पाठीमागं जाऊन ढाक्याकडं जाणारा रस्ता धरला. समोरच्या बलुच पलटणीला शरण येण्याची चिठ्ठी पाठवली, तर उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. १० डिसेंबरच्या रात्री ते वेढा फोडून निघाले ते थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर. पहाटेपर्यंत चाललं. ११ तारखेला जमालपूर पडलं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. यातलं बरंचसं मी पुढं वाचून जमवलं. मामांकडून एवढंच ऐकलं की थंडी लई होती आणि माती मऊ होती म्हणून बरं झालं, खणायला सोपी गेली.

जानेवारीत त्यांचं पत्र आलं. ते इनलँड आजही घरात आहे. ‘मी येथे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवणे. आईला रात्रीचं बाहेर पाठवू नये, तिला दिसत नाही.’ लढाईचा एक शब्द नाही.

हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी वीस वर्षं एका बँकेच्या दारात पहारा दिला. मुलांची शिक्षणं, नणंदेचं लग्न त्यातून झालं. पण मला त्यांची खरी ओळख झाली ती २०१२ नंतर. त्या वर्षी आत्तींना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. दवाखान्यातून घरी आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फणी घेऊन त्यांच्याजवळ गेले, तर मामा म्हणाले, “राहू दे पोरी, तुला डबा करायचाय. मला दाखव कसं घालतात ते.”

मी तीन पेड करून दाखवले. पहिल्या दिवशी वेणी मानेपाशी सैल राहिली. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा घातली. आठवडाभरात अशी घट्ट, सरळ वेणी पडायला लागली की तशी मला माझ्या मुलीची जमत नाही. सकाळी सहाला अंघोळ, मग खिडकीशी आत्तींची खुर्ची, आधी खोबरेल तेल, मग भांग. भांग काढताना कंगव्याचं टोक कपाळाच्या मधोमध ठेवून ते एक डोळा बारीक करायचे. शुक्रवारी अंबाबाईचा वार म्हणून महाद्वार रोडवरून गजरा आणायचे. अकरा वर्षं, एकही सकाळ चुकली नाही. ताप असला तरी नाही. आत्तींना आधी लाज वाटायची. गल्लीतल्या बायका बघतात म्हणायच्या. मामा म्हणाले, “बघू देत. त्यांच्या नवऱ्यास्नी बी यायला पाहिजे.”

२०१९ च्या महापुरात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागं टाकली आणि ५५ फुटांच्या पुढं गेली. तालमीची पोरं होडी घेऊन दारात आली. मामांच्या हातात पिशवी होती. तिच्यात आत्तींची औषधं, फणी, तेलाची बाटली आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेली पत्रं. कॉटखालच्या ट्रंकेत त्यांची पदकं होती, त्यात ७१ च्या पूर्व आघाडीवरच्या जवानांना मिळालेला ‘पूर्वी स्टार’ही होता. ती ट्रंक त्यांना आठवलीच नाही. पाणी ओसरल्यावर चिखलातून आम्ही ती काढली. रिबनींचे रंग एकमेकांत उतरले होते. मी हळहळले. मामांनी त्या नळाखाली धुतल्या, दोरीवर वाळत घातल्या आणि आत्तींच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून आत गेले.

आत्ती गेल्या त्या दिवशी शेवटची वेणीही त्यांनीच घातली. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

आता बाराव्याचं. दुपारी पंगत उठता उठता एक म्हातारे गृहस्थ दारात आले. गडहिंग्लज तालुक्यातून एसटीनं आले होते, काठी टेकत. त्यांनी पहिलं विचारलं, “हे जंगी पलटणीचं काय?” आम्ही हो म्हटल्यावर ते उंबऱ्यातच बसले. जमालपूरला दोघं एका सेक्शनमध्ये होते. बातमी त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. पण आडनाव तर जिल्हाभर, त्यात माजी सैनिकही गावोगाव. आपलाच माणूस की दुसरा कोण, कळेना. चौकशी करत करत पत्ता लागायला दहा दिवस गेले. म्हणाले, “पलटण लिहिली असती, तर पहिल्या गाडीनं आलो असतो. खांदा दिला असता.”

मग त्यांनी आमच्याकडं कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. लढाईच्या आधी मामांना आत्तींचं एक पत्र आलं होतं. मोर्च्यात ते सगळ्यांनी वाचलं, कारण त्या आठवड्यात दुसऱ्या कुणालाच पत्र नव्हतं. त्यात लिहिलं होतं, म्हैस व्याली, रेडी झाली. “दोन दिवस आम्ही त्याच म्हशीचं बोलत होतो. किती दूध देत असंल, रेडी कशी दिसत असंल,” ते सांगत होते. मग इकडंतिकडं बघून त्यांनी विचारलं, “ती पत्र लिवणारी बाई कुठाय?” आम्ही भिंतीवरचा फोटो दाखवला. ते उठून त्या फोटोपुढं गेले आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच. सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत या जिल्ह्यात ७१ च्या लढाईतली माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत आणि त्यांच्या बातम्या आपल्याकडं येत राहणार. त्या घेताना घरच्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. पलटण कुठली आणि पत्नीचं नाव काय. दुःखात आमच्यासारख्यांना ते सुचत नाही. आणखी एक ओळ वाढेल, त्याचे पैसे घ्यावेत. पण ती ओळ छापावी.

आपली नम्र,
एका माजी सैनिकाची सून
शुक्रवार पेठ, कोल्हापूर