टाकून द्यायला निघालेली प्लेट : प्रयोगशाळेतील ताईंना खुले आभारपत्र

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात प्रबंध विद्यापीठाकडे सुपूर्द केला. त्याच्या ऋणनिर्देशात तुमचे नाव यंत्रे, निधी आणि परवानग्या यांच्या रांगेत एका ओळीत आले आहे. ती ओळ मला फार तोकडी वाटते, म्हणून हे पत्र.

पहिल्या वर्षीचा तो दिवस तुमच्या लक्षातही नसेल. अंक-६ हे जनुक निकामी झालेल्या सी. एलेगन्स या गोलकृमींची एक प्लेट मी टाकून द्यायला निघाले होते. (हा ‘अंक’ म्हणजे ‘अनकोऑर्डिनेटेड’ या इंग्रजी शब्दाचे लघुरूप. त्याचा आपल्या आकड्यांशी काही संबंध नाही, हेही तुम्हीच हसत हसत सांगितले होते.) जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या या पारदर्शक कृमीच्या उभयलिंगी प्रौढात ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांपैकी हलका स्पर्श जाणणाऱ्या सहा पेशी आपल्या कृमींमध्ये हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनामुळे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत होत्या. या सहांमधल्या एव्हीएम नावाच्या पेशीचा तंतू कुशीवरून आधी पोटाकडे उतरतो, तिथल्या चेतारज्जूला मिळतो आणि मग डोक्याच्या दिशेने जातो. पोटाकडच्या पेशी याच जनुकापासून बनणारे अंक-६ हे प्रथिन स्रवतात व त्याच्या ओढीने तंतू खाली येतो, एवढे मी वाचलेले होते. त्यामुळे ते प्रथिनच नसेल तर एकही तंतू खाली उतरणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात कितीतरी तंतू बिनचूक जागी पोहोचलेले दिसले. प्लेटमध्ये निरोगी कृमी मिसळले असणार, असे मी ठरवून टाकले.

तुम्ही प्लेट माझ्या हातातून घेतलीत आणि म्हणालात, “तंतू नंतर बघ, आधी यांना चालताना बघ.” दातकोरणीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने तुम्ही एकेका कृमीला डिवचत गेलात. एकूण एक कृमी अडखळत, वेडावाकडा होत सरकत होता. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये ज्या उत्परिवर्तित कृमींचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांतल्या हालचालींचा ताळमेळ बिघडलेल्या कृमींनाच ‘अंक’ हे नाव मिळाले. माझ्या प्लेटवर सगळे तेच होते. म्हणजे भेसळ प्लेटमध्ये नव्हती.

मग तुम्ही माझ्या वहीत एक लांबट वर्तुळ काढलेत, खाली पोट आणि वर पाठ. अंक-६ स्वतः दिशा ठरवत नाही, ती तंतूच्या वाढत्या टोकाच्या पृष्ठभागावर कोणता ग्राही रेणू, म्हणजे संकेत ओळखणारा रेणू, आहे यावर ठरते, हे मला त्या चित्रातून पहिल्यांदा उमगले. अंक-४० हा ग्राही असलेला तंतू पोटाकडे ओढला जातो. अंक-५ असलेला त्याच प्रथिनापासून दूर, पाठीकडे जातो. १९९३ मध्ये संशोधकांनी एरवी अंक-५ न बनवणाऱ्या स्पर्शपेशींना ते बनवायला लावले, तेव्हा त्यांचे तंतू पाठीकडे वळले. आणि अंक-६ नसताना तसे घडेना. संकेत तोच, पृष्ठभाग बदलला की वाट उलटी. हा प्रयोग मी नंतर मूळ निबंधात वाचला, परंतु तुमच्या वहीतल्या चित्राइतका तो मला तिथे कळला असता, असे वाटत नाही. कोंबडीच्या भ्रूणात अंक-६ चे भाईबंद १९९४ मध्ये सापडले, तेव्हा संस्कृत ‘नेतृ’वरून त्यांना ‘नेट्रिन’ हे नाव दिले गेले, हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र चित्राच्या वरच्या बाजूला होते. पाठीकडचे स्नायू स्लिट हे प्रथिन सोडतात. एव्हीएमच्या पृष्ठभागावरचा सॅक्स-३ हा ग्राही ते ओळखतो आणि तंतू पाठीपासून दूर सारला जातो. खालून ओढ, वरून रेटा. ओढ गेली तरी रेटा शिल्लक असतो, म्हणूनच माझ्या ‘बिघडलेल्या’ प्लेटवर इतके तंतू योग्य ठिकाणी होते. हे तुम्ही मला सरळ सांगून टाकले नाहीत. “वरून काही ढकलत असेल का?” एवढेच विचारून तुम्ही कृमी वाढवण्याचे माध्यम तयार करायला निघून गेलात, आणि मी संध्याकाळपर्यंत त्या वर्तुळाकडे पाहत बसले. त्याबद्दल मी सर्वांत जास्त ऋणी आहे.

पुढे अंक-६ आणि स्लिट या दोन्हींची जनुके निकामी असलेले कृमी मी तयार केले. त्यांच्यात एव्हीएमचा तंतू जवळजवळ कधीच खाली उतरत नाही, कुशीवरूनच सरळ पुढे निघून जातो. प्रबंधातले तिसरे प्रकरण याच पायावर उभे आहे.

ती प्लेट त्या दिवशी पुन्हा २० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गेली. तिच्यावरच्या कृमींची पिल्ले उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये आजही आहेत आणि कुपीवरची तारीख तुमच्या अक्षरात आहे.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी