बोलण्याआधी ऐकण्याचे गुण

महोदय,

मुलांना ठामपणे मत मांडायला शिकवा, या आशयाचा लेख आपल्या अंकात वाचला. मुलांनी न घाबरता बोलावं, हे लेखिकेचं म्हणणं मला पटतं. पण लेखात बोलण्याच्या सरावाबद्दल भरपूर आहे आणि ऐकण्याबद्दल एक ओळही नाही. मी 31 वर्षं लघुलेखिका होते, ऐकण्यावरच माझं पोट होतं, म्हणून लिहिते आहे.

लघुलेखन, म्हणजेच शॉर्टहँड, ही नुसती भरभर रेघोट्या ओढण्याची कला आहे, असं बाहेरून वाटतं. आयझॅक पिटमन यांनी 1837 मध्ये मांडलेली ही पद्धत उच्चारावर उभी आहे. तीच रेघ बारीक काढली की ‘प’, ठळक काढली की ‘ब’. वेग वाढला की स्वरांच्या खुणा गाळाव्या लागतात, आणि मग ‘मत’, ‘माती’, ‘मोती’ यांचा सांगाडा जवळपास एकच उरतो. डिक्टेशन घेताना लक्ष अर्थाकडे होतं की नुसत्या आवाजाकडे, हे वही घेऊन टाइप करायला बसलं की कळतं. अर्थ निसटला असेल तर आपल्याच हातचं आपल्याला लागत नाही. सुरुवातीच्या वर्षांत माझ्यावर ही वेळ अनेकदा आली. ऐकणं हे आपोआप होत नाही, ते करावं लागतं, हे मी तिथे शिकले.

मात्र दुसऱ्याचं नीट समजणं वेगळं आणि त्यावर आपलं काही म्हणणं असणं वेगळं. हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं. शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेली माझी मैत्रीण गेली. शोकसभेत वाचायला दोन पानं लिहून द्या, असं तिच्या मुलाने सांगितलं. तासाभरात लिहून झाली. वाचून पाहिली तर ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यतत्पर’, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’. यातला शब्द न् शब्द मी कुणाकुणाच्या निरोप समारंभात टिपून घेतलेला होता. त्या दोन पानांत ती कुठेच नव्हती, आणि मीही नव्हते. मला फार वाईट वाटलं.

मग एकेक वाक्य घेऊन बसले. हे मी स्वतः पाहिलंय का? हेच दुसऱ्या कुणाबद्दल म्हटलं तर चालून जाईल का? चालून जात असेल तर खोडायचं. मध्यरात्र उलटली तेव्हा सात ओळी उरल्या होत्या. त्यातली एक अशी: साहेबांचं वाक्य अर्धवट वाटलं की ती पेन्सिल खाली ठेवायची आणि विचारायची, ‘म्हणजे नेमकं काय लिहू?’ आम्ही बाकीच्या ऐकलं तसं उतरवून मोकळ्या व्हायचो. तिच्या त्या धीराचा मला इतकी वर्षं हेवा वाटत होता, हे ती ओळ लिहीपर्यंत माझं मलाच ठाऊक नव्हतं.

अमेरिकन मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपण लिहायला कसे शिकलो ते आत्मचरित्रात सांगितलं आहे. आवडलेल्या निबंधातल्या प्रत्येक वाक्याचा आशय ते दोन-चार शब्दांत टिपून ठेवत, काही दिवस जाऊ देत, मग टिपणांवरून सगळा निबंध आपल्या शब्दांत लिहून काढत आणि मुळाशी ताडून चुका दुरुस्त करत. क्वचित एखाद्या बारीक जागी मूळ लेखकापेक्षा आपलं बरं उतरलंय, असं त्यांना वाटे. मला त्या बारीक जागेचं फार अप्रूप आहे. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेतली पूर्वपक्षाची रीतही अशीच कस लावणारी: खंडन करण्याआधी प्रतिपक्षाचं म्हणणं नीट मांडायचं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 मध्ये हेच घरगुती वादांसाठी सुचवलं होतं. समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं सांगून दाखवल्याशिवाय आपलं बोलायचं नाही.

हा नियम मी भाचीवर, खरं तर स्वतःवर, लावून पाहिला. तिने शिक्षण मध्येच सोडायचं ठरवलं होतं. माझ्याकडे चार मुद्दे तयार होते. ते गिळले आणि म्हटलं, “तुला अभ्यास झेपत नाहीये, असंच ना?” “नाही मावशी.” “लवकर कमवायला लागायचंय?” “थोडंसं. पण ते कारण नाही.” मग मी गप्प बसले आणि तिला बोलू दिलं. बऱ्याच वेळाने म्हटलं, “ही शाखा तू निवडलीच नव्हतीस, आम्ही निवडली. म्हणून पदवी मिळाली तरी ती तुला तुझी वाटणार नाही.” ती म्हणाली, “हो. हेच.”

माझे चारपैकी तीन मुद्दे तिथेच गळले, कारण ते तिने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होते. उरला एक: परतीची वाट बंद करू नकोस, वर्षभर थांब. तो मी तिला पत्रातून कळवला, चार वेळा लिहून. तिला तो अजून पटलेला नाही, पण तिचं उत्तर पानभर आलं आणि त्यात माझं म्हणणं आधी बरोबर मांडलेलं होतं.

म्हणून वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक स्पर्धकाने आधीच्या वक्त्याचा मुद्दा पहिल्या मिनिटात सांगावा. तो बरोबर सांगितला का, हे परीक्षकांनी त्या आधीच्या वक्त्यालाच विचारावं आणि या ऐकण्याचे गुण स्पर्धकाला द्यावेत. स्पर्धा संपली की निकालाआधी सगळ्यांना एकेक कोरा कागद देऊन दहा मिनिटं शांत बसवावं. ‘आज कुणाच्या बोलण्याने माझं मत हललं, आणि का?’ एवढंच लिहायचं. तो कागद परीक्षकांनी मागू नये, तो मुलांकडेच राहू द्यावा.

– एक निवृत्त लघुलेखिका